साळवणे : एक दुरुस्ती

साळवे सरांचा उजवा पाय कधी थांबलेला कोणी पाहिला नाही. ते टेबलाशी बसले की टेबलाखाली पाय हलू लागे आणि टेबलावर त्याचा पुरावा दिसे. चहा बशीत सांडे, खडू घरंगळत कडेला येई, पेन खाली पडे. शिक्षकांच्या खोलीत एक लांब लाकडी बाक होते. सर त्यावर बसले की बाकीचे एकेक करून उठत. ‘सरांच्या शेजारी बसलं की टेम्पोत बसल्यासारखं वाटतं,’ असे विज्ञानाच्या कुलकर्णी बाई म्हणत. सरांना ते माहीत होते. ‘पाय माझा आहे, पण माझं ऐकत नाही,’ एवढाच त्यांचा खुलासा असे.

काष्टीपासून थोडे आत, फाट्यावरून वळल्यावर लागणाऱ्या एका गावातल्या हायस्कुलात ते इंग्रजी शिकवत. गावाचे नाव देत नाही. यातली बरीच माणसे अजून तिथेच आहेत. नव्वदच्या दशकातली ही हकिगत. मी तेव्हा नगरच्या एका दैनिकासाठी श्रीगोंदा तालुक्याच्या बातम्या पाठवत असे. काष्टीच्या बाजाराच्या दिवशी एका हॉटेलात कोणीतरी आमची ओळख करून दिली. सरांनी नमस्कार केला आणि बसायच्या आतच विचारले, ‘तुमच्या पेपरात परवा आलंय, वीज गेल्यामुळे जनक्षोभ उसळला. कुठं उसळला?’

मी ठिकाण सांगितले.

‘मी तिथंच होतो. चौघं जण तंबाखू मळत होते. त्यांतला एक म्हणाला, गेली वाटतं. याला उसळणं म्हणतात?’

एवढे बोलून ते बसले, पाय सुरू झाला आणि माझा चहा बशीत आला.

क्रियापदांबद्दल सर असे काटेकोर होते. नाम कोणीही सांगतो, माणूस कळतो तो क्रियापदावरून, असे ते वर्गात सांगत. इंग्रजीतला कोणताही शब्द फळ्यावर लिहिला की त्याखाली रेघ ओढून विचारत, ‘हा आला कुठून?’ मुले पाठांतराच्या तयारीने आलेली असत, त्यांना हा प्रश्न जाच वाटे. परीक्षेला तो येत नसे. सर मात्र वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत एकेका शब्दाचे गाव, घर, खानदान सांगत राहत. तास संपल्याची घंटा त्यांना ऐकू येत नसे.

त्यांचा सगळ्यांत लाडका शब्द होता ‘गॅल्व्हनाइज’. नववीच्या वर्गात त्यांनी तो फळ्यावर लिहिला त्या दिवशी मागच्या बाकावरून उत्तर आले, ‘सर, गलवनाईज म्हंजे पत्रा.’

‘पाईप बी आसतो,’ दुसरा म्हणाला.

सर खूश झाले. अर्धे उत्तर बरोबर आहे म्हणाले आणि उरलेले अर्धे सांगू लागले. फार पूर्वी इटलीत एक डॉक्टर होता. त्याच्या टेबलावर सोललेल्या बेडकाचे पाय पडले होते. त्यांना धातूची तार लागली आणि मेलेल्या बेडकाचा पाय ताडकन उडाला. आधी एकदा उडाला, मग पुन्हा पुन्हा. बघायला गर्दी लोटली. त्या डॉक्टरच्या आडनावाचे इंग्रजीत क्रियापद झाले. पुढे बेडूक मागे पडला आणि माणसांसाठी तो शब्द वापरू लागले. सुस्त पडलेल्या माणसाला, जमावाला, गावाला एकदम हलवून कामाला लावायचे, तर गॅल्व्हनाइज. लोखंडावर जस्ताचा थर देण्यालाही तेच नाव पडले. आता तर लोखंड वितळलेल्या जस्तात नुसते बुडवून काढतात, त्यात विजेचा संबंधही नसतो, तरी नाव तेच.

‘इंग्रजांकडून आपल्याकडे पत्रा आला,’ सर म्हणाले, ‘अर्थ तिकडंच राहिला.’

सर स्वतः नेवासा तालुक्यातले. आजोबांच्या पिढीत घराने बौद्ध धर्म स्वीकारलेला. वडील मजुरीला जात. घरावर पत्रा होता. पहाटे कामाला निघताना वडील बाहेरून पत्र्यावर काठी मारत, मुलाने अभ्यासाला उठावे म्हणून. तो आवाज ऐकून अख्खी वस्ती उठे. ‘गॅल्व्हनाइजचे दोन्ही अर्थ मला एकदमच मिळाले,’ असे सर म्हणत. पायाच्या दुखण्याचे मूळही ते तिथेच सांगत. तेव्हा जो उठलो तो अजून बसलेलो नाही, हे त्यांचे वाक्य मी किमान तीन प्रसंगी ऐकले.

नुसते सांगून त्यांचे समाधान होत नसे. त्यांनी प्रयोगशाळेतला बेडूक मागितला. कुलकर्णी बाईंनी सांगून पाहिले की हा बाटलीतला आहे, औषधात मुरलेला आहे, तो काही हलायचा नाही. सरांनी ऐकले नाही. बॅटरीचे सेल, तांब्याची तार, सगळी तयारी झाली. पाय काही हलला नाही. सरांनी तारा बदलल्या, सेल बदलले. बेडूक ढिम्म. वर्ग आधी गालात आणि मग मोकळेपणाने हसू लागला. त्या अख्ख्या खोलीत सरांचा स्वतःचा पाय तेवढा हलत होता.

‘याला उशीर झालाय,’ शेवटी सर म्हणाले. ‘फार दिवस बाटलीत राहिलाय.’

पहिल्या बाकावर गिरणीवाल्या बबनरावांची रंजना बसे. हसणे ओसरल्यावर ती उभी राहिली.

‘सर, आडनावाचं क्रियापद आपल्यात पन व्हतं का?’

‘होईल की. कुणी केलं तर होईल.’

‘मग तुमचं होईल. साळवणे.’

‘अर्थ?’

‘एका जागी बसू न देणं.’

सरांनी फळ्यावर ‘साळवणे’ लिहिले, त्याखाली रेघ ओढली आणि ते चालवून दाखवले: मी साळवतो, तू साळवतोस, त्याने साळवले. पोरांनी आठवडाभर तो शब्द पटांगणात पिदडला. मग विसरली. निदान तसे वाटले.

रंजना दहावी झाली आणि काष्टीच्या ज्युनिअर कॉलेजात जाऊ लागली. गावातून तिच्यासारख्या आणखी काही मुली जात. सकाळी गावात येणाऱ्या एसटीवर हे सगळे चालले होते. बबनरावांनी लेकीला बजावलेले होते, ‘यष्टी हाय तवर शिक. यष्टी बंद, कालिज बंद. फाट्यापोत्तर पोरीनं येकलीनं चालत जायाचं न्हाई.’ बाकीच्या घरांतली अटही तीच होती.

त्या पावसाळ्यात ओढ्यावरची मोरी खचली आणि एसटी फाट्यावरूनच परत फिरू लागली. पुढे मोरी दुरुस्त झाली, मुरूम पडला, उसाच्या गाड्यासुद्धा तिच्यावरून जाऊ लागल्या. एसटी मात्र आली नाही. पुरुषांना तिची अडचण वाटत नव्हती. कोणाकडे लूना होती, कोणी दुधाच्या टेम्पोत उभा राहून जाई. मुली घरी बसल्या. दिवाळीनंतर रंजनासाठी एक स्थळ आले. दौंडकडचे होते, शेती बरी होती. बबनराव नाही म्हणाले नाहीत.

सर एकटेच आगारात जाऊन आले. तिथल्या साहेबांनी त्यांना चहा दिला आणि सांगितले, ‘गाडी बंद करून इतके दिवस झाले, तुमच्या गावातून एक माणूस विचारायला आलेला नाही. एकट्या शिक्षकाच्या सांगण्यावर गाडी नाही सोडता येत. गावाला हवीय का? मग गावाला घेऊन या.’

म्हणून गावाला हलवायचे ठरले. सर घरोघर फिरले. लोकांनी त्यांना पाट दिला, चहा दिला, होकारही दिला. ‘व्हय व्हय सर, जायाला पायजे.’ जायचे कधी, यावर कोणी बोलेना. मग एका रविवारी ग्रामपंचायतीसमोर सभा बोलावली गेली. मी बातमीसाठी गेलो होतो. सर उभे राहिले. तयारी भरपूर केलेली होती, तीच नडली. पहिल्याच वाक्यात म्हणाले, ‘आज मला या गावाला गॅल्व्हनाइज करायचंय.’

सरपंच तात्या पुढे सरसावून बसले. इतका वेळ ते कंटाळलेले होते.

‘पत्रा का पाईप?’

‘तसं नाही तात्या...’

‘न्हाई, पाईप आसंल तर आमच्या वस्तीकडून न्या. तिकडून जवळ पडतंय.’

‘का म्हनून तुमच्या वस्तीकडून?’ दुसऱ्या टोकाचा एक जण उठला. ‘मागल्या टायमाला बी तिकडूनच गेल्ता. आमी काय गावात न्हाई व्हय?’

सर मध्ये बोलू पाहत होते. एसटी, मुली, आगार असे शब्द मला तुटक ऐकू आले. बाकी सगळ्यांना पाईप ऐकू येत होता. वाद रंगला. जे कधी बोलत नसत ते बोलले. शेवटी तात्यांनीच तोड काढली: वस्तीचा वाद नको, पाईप शाळेलाच द्यावा, सरांनी विषय काढलाय तर मान त्यांचा. शाळेसाठी गलवनाईज पाईपची मागणी करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. टाळ्या पडल्या. तात्या सरांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, ‘सर, तुमी बोलला म्हनून झालं बगा.’

एसटीचा विषय निघालाच नाही.

सर सभेतून उठून चालत सुटले. गावाबाहेरच्या रस्त्याने फाट्यापर्यंत गेले, तसेच परत आले, पुन्हा गेले. मी काही वेळ बरोबर चाललो. ते एकच वाक्य म्हणत होते. ‘हलतायत हो. हलतायत सगळे. पण भलतीकडंच.’

पुढचा भाग मी त्यांच्या आणि रंजनाच्या तोंडून वेगवेगळा ऐकला आहे. दोघांच्या सांगण्यात फरक नाही. दुसऱ्या दिवशी सर आपले ज्वारीचे दळण घेऊन गिरणीवर गेले. ते एकटे राहत आणि स्वतः स्वयंपाक करत. बबनराव बाहेर गेले होते, रंजना गिरणी चालवत होती. जात्याच्या घरघरीत दोघांना ओरडून बोलावे लागत होते.

‘सर, पाईप मंजूर झाला म्हणं.’

‘झाला.’

‘आन यष्टी?’

‘बेडूक बाटलीतला निघाला, रंजना.’

ती काही वेळ पीठ सारखे करत राहिली. मग तिने विचारले, ‘सर, त्या डाक्टरच्या बेडकाचा पाय कवा हलायचा? तार लावल्यावर का काढल्यावर?’

‘दोन्ही वेळा. लावताना उडतो, काढतानाही उडतो. मध्ये गप असतो.’

‘काढताना बी?’

‘काढताना बी,’ सर म्हणाले. ते पीठ घेऊन घरी गेले. याखेरीज त्या दिवशी दोघांत काही बोलणे झाले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीवर बायका डबे घेऊन उभ्या होत्या आणि गिरणी बंद होती. वीज होती, मोटर ठीक होती. मोटरीवरून जात्याकडे जाणारा पट्टा जागेवर नव्हता. रंजना उंबऱ्यात बसली होती.

‘पट्टा कुठंय गं?’

‘काष्टीला गेलाय.’

‘कवा यील?’

‘यष्टी आल्यावर. यष्टीत बसून यील.’

बायकांना आधी ती थट्टा वाटली. मग कळले की थट्टा नाही. बबनराव आले, ओरडले, घर धुंडाळले, पोरीवर हात उगारला आणि खाली घेतला. गावात दुसरी गिरणी नव्हती. जवळची गिरणी काष्टीत, आणि काष्टीला जायला एसटी नव्हती. दळणाचा डबा डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत चालणे म्हणजे काय, हे त्या दिवशी घरोघरी कळले. जेवायला भात झाला, दुसऱ्या दिवशी पुन्हा भात झाला. पुरुष ताटावरून कुरकुरू लागले. तात्यांच्या बायकोने, सगळे गाव तिला जिजी म्हणे, ताट वाढताना तात्यांना सांगितले असे समजते, ‘भाकर पायजे का? मग त्यो पाईप भाजून देऊ?’

तिसऱ्या दिवशी जिजी पुढे झाली. बायका दळणाचे डबे घेऊन चालत फाट्यावर आल्या, तिथून मिळेल त्या गाडीने आगारात गेल्या. साहेबांच्या खोलीत डबे मांडले. मी ते दृश्य पाहिले. टेबलावर, खुर्चीवर, खिडकीत डबे होते आणि साहेबांना फाइल ठेवायला जागा नव्हती. जिजीने भाषण केले नाही. ‘सायब, यष्टी सोडा, न्हाईतर हे दळून द्या,’ एवढेच ती म्हणाली.

साहेबांनी गावातून कोणीतरी येण्याची वाट पाहिली होती, ते आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी गावात आली. रंजना दफ्तर घेऊन तिच्यात चढली. पट्टा घरातच होता, ज्वारीच्या कणगीत, तळाशी. संध्याकाळी गिरणी सुरू झाली. गिरणीच्या दारात जिजी म्हणाली, ‘पोरीनं साळवलं बगा समद्या गावाला.’ हा शब्द तिला नातवाकडून मिळाला असावा. मी तो मोठ्या माणसाच्या तोंडी तेव्हा प्रथम ऐकला.

स्थळ परत गेले. दळण अडवणारी सून नको, असे त्यांनी कळवले.

मात्र तीन-चार दिवस भात खाल्लेल्या काही जणांना हे विसरता आले नाही. परगावच्या मास्तराने पोरींना फूस लावली, अशी तक्रार शाळेच्या संस्थेकडे गेली. तक्रार करणाऱ्यांना गावातले किती जण ओळखत होते ते मला माहीत आहे: सगळेच. संस्थेचे निरीक्षक आले. सरांना समोर बसवून विचारले गेले, ‘आपण सदर मुलीस चिथावले काय?’

‘क्रियापद चुकलंय,’ सर म्हणाले.

निरीक्षकांनी वर पाहिले. ‘मग कोणतं लिहू?’

कुलकर्णी बाई शेजारच्या खोलीत होत्या. त्यांनी नंतर सांगितले की भिंतीपलीकडे बराच वेळ टेबल हादरल्याचा आवाज तेवढा येत होता. मग सर म्हणाले, ‘उठवणं नाही, ती जागीच होती. चेतवणंही नाही. मी तिला बेडकाची गोष्ट सांगितली. सांगणे. तेच लिहा.’

त्यांची बदली नगर जिल्ह्याच्याच दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यात, संस्थेच्या डोंगरातल्या शाळेवर झाली. सत्र संपल्यावर जायचे होते. निघण्याच्या दिवशी शाळेच्या आवारात गलवनाईज पाईप येऊन पडलेले होते, ठरावाप्रमाणे. पोरे त्यांवर ओळीने बसून सरांची वाट पाहत होती. तात्या निरोपाला आले. त्यांचे डोळे ओले होते, पण विषय पाईपचाच होता. ‘सर, तुमच्या नावानं नळ बशिवतो. गाव लक्षात ठिवील.’ सरांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. एसटीत जागा असून ते बसले नाहीत. दांडीला धरून उभेच गेले. रंजनाही त्याच गाडीत होती, कॉलेजला निघालेली. काष्टीला ती उतरताना सर तिला काय म्हणाले हे मी तिला पुढे विचारले. ती म्हणाली, ‘काय न्हाई. बसायला जागा दिली माज्याशेजारची, तर म्हनाले, नको, तुला अभ्यास करता यायचा न्हाई.’

ती बारावी झाली आणि नगरला नर्सिंगला गेली.

त्यानंतर काही वर्षांनी, त्याच दशकाच्या शेवटी, मी एका बातमीसाठी पुन्हा त्या गावात गेलो. सकाळची वेळ होती. एका घरातून बाईचा आवाज आला, ‘उठतो का साळवू तुला?’ पुढे थांब्यावर एक तरुण दुसऱ्याला सांगत होता, ‘ग्रामसेवकाला साळवल्याबिगर दाखला न्हाई मिळत.’ मी त्याला विचारले, हा शब्द काय आहे?

‘साळवणं? कामाला लावणं. जुना शब्द हाय हितला.’

‘कुठून आला?’

‘साळंवरनं,’ तो जराही न अडखळता म्हणाला. ‘साळंला जायाचं म्हंजे पोराला उठवावं लागतं, ढोसावं लागतं. म्हनून साळवणं.’

साळवे सर त्याला माहीत नव्हते. तो बाहेरून इथे राहायला आलेला होता.

त्याच महिन्यात अकोल्याला जाणे झाले. सरांची खोली भातखाचरांच्या कडेला होती. केस पिकले होते. पाय हलत होता, आणि आता कपात आधीच थोडी जागा ठेवून ते चहा ओतत. मी त्यांना शब्द सांगितला, कोण कसा वापरते ते सांगितले. ते ऐकत राहिले. मग व्युत्पत्ती सांगितली. सर ताडकन उठले.

‘साळंवरनं? साळंवरनं कसा येईल? व्याकरणात तरी बसतं का ते? तुमच्या पेपरात दुरुस्ती छापता ना? छापा. उद्याच छापा!’ खोली लहान होती, चार पावलांत भिंत येत होती, ते वळत होते. ‘आमचा डॉक्टर बिचारा पत्र्याखाली गेला आणि मी साळंखाली?’

मी छापण्याचे कबूल केले. ते मला गाडीपर्यंत सोडायला आले. गाडी सुटता सुटता त्यांनी खिडकीच्या गजाला धरले आणि गाडीबरोबर चार पावले चालत आले.

‘दुरुस्ती नको,’ ते म्हणाले. ‘वापरतायत ना? मग राहू द्या.’

ते होते तोवर मी त्यांचे ऐकले. सर आता नाहीत. तेव्हा राहून गेलेली दुरुस्ती खाली देत आहे.

काष्टीच्या बाजूच्या एका गावात ‘साळवणे’ हे क्रियापद उठवणे, हलवणे, कामाला लावणे या अर्थाने वापरतात. ते साळेवरून आलेले नाही. ते एका माणसाच्या आडनावावरून आले आहे. त्याला एका जागी बसता येत नसे.